मृत्युकर नाही, पण वडिलांची फाईल रद्दीत घालू नका

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत आणि त्याचं कारण मला माहितीये, तो मेसेज माझ्याही मोबाईलवर तीन ग्रुपांतून आला, "आईवडील गेले की निम्मी इस्टेट सरकारजमा". दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या गोदापार्कला चालायला गेलो तर तिथेही दोघातिघांनी थांबवून तेच विचारलं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. नावं कुणाचीच छापत नाही, घरातले विषय आहेत. आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे कलमं लिहीतच नाही, तशीही ती कुणी वाचत नाही.

प्रश्न : आपल्याकडे वारसा कर आहे की नाही ते एकदा सरळ सांगा. हो की नाही? (सिडको)

उत्तर : नाही. आईवडिलांकडून, नवऱ्याकडून, आजोबांकडून, इतकंच काय मृत्युपत्राने शेजाऱ्याकडून काही मिळालं तरी ते मिळाल्याबद्दल तुम्हाला एक रुपया आयकर नाही, रक्कम कितीही असो. २०२४ च्या लोकसभेच्या प्रचारात अमेरिकेतल्या वारसा कराचा विषय निघाला होता, तेव्हापासून हा मेसेज अधूनमधून उठून बसतो. फक्त "मिळाल्याबद्दल" हा शब्द धरून ठेवा, कारण सगळी भानगड त्याच्या पुढे सुरू होते.

प्रश्न : जुन्या घराचा माळा साफ करताना आजोबांच्या ट्रंकेत १९७० च्या दशकातले कागद सापडले, त्यावर इस्टेट ड्यूटी असं लिहिलंय आणि पैसे भरल्याची नोंद आहे. आजोबा त्यांच्या वडिलांच्या मागे हे भरत होते असं दिसतं. मग तुम्ही लोक कर नाही असं कसं म्हणता? (रविवार पेठ)

उत्तर : काका, तुम्हाला सापडलाय तो खराखुरा मृत्युकर. १९५३ साली इस्टेट ड्यूटीचा कायदा आला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाला. माणूस गेला की त्याच्या सगळ्या मालमत्तेची किंमत काढायची आणि ती वारसांच्या हातात पडायच्या आधी त्यावर कर भरायचा, असा तो प्रकार. दर टप्प्याटप्प्याने चढत जायचे आणि २० लाखांच्या वरच्या भागावर तर ८५ टक्क्यांपर्यंत गेले होते. त्या काळातले २० लाख म्हणजे तुमच्याआमच्या घरातले नाहीत, पण ज्यांच्याकडे ते होते त्यांनी ट्रस्ट वगैरे काढून वाटा शोधल्याच आणि मधल्यामध्ये सापडले ते तुमच्या पणजोबांसारखे पेठेतले सरळ लोक.

शेवटी १९८५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो बंद केला, १६ मार्च १९८५ पासून पुढच्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही. कारण अगदी व्यवहारी होतं, वर्षाला जेमतेम २० कोटींच्या आसपास वसुली आणि ती करायचा खर्च आणि कोर्टकज्जेच भारी. जोडीचे बाकीचे दोन करही नंतर गेले, गिफ्ट टॅक्स १९९८ ला आणि वेल्थ टॅक्स २०१५ च्या बजेटमध्ये.

आता महत्त्वाचं, ते कागद फेकू नका. त्यात पणजोबांच्या कुठल्या मिळकती होत्या, कुठल्या सर्व्हे नंबरच्या होत्या याची यादी असणार. मालकी कुणाकडून कुणाकडे आली ही साखळी दाखवायला त्याच्यासारखा कागद नाही, पुढे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यात घोळ निघाला तर तुम्ही मलाच दुवा द्याल.

प्रश्न : वडील नोट प्रेसमधून रिटायर झाले होते, ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या नावावर १८ लाखांच्या एफडी आहेत, नॉमिनी मी आहे. हे १८ लाख माझ्या रिटर्नमध्ये दाखवायचे का? बहीण म्हणते निम्मे तिचे. आईला फॅमिली पेन्शन सुरू झालीये. (जेल रोड)

उत्तर : १८ लाख हे तुमचं उत्पन्न नाही, त्यामुळे त्यावर कर नाही. रिटर्नमध्ये सूट असलेल्या रकमांच्या रकान्यात दाखवून ठेवलेलं बरं, उद्या खात्यात एवढे पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

व्याजाचं मात्र दोन तुकडे करा. वडील गेले त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि पेन्शन वडिलांच्या रिटर्नमध्ये, त्यानंतरचं व्याज ज्याच्या वाट्याला एफडी जाणार त्याच्या रिटर्नमध्ये. हो, वडिलांचं रिटर्न भरायचं राहिलंय, गेलेल्या माणसाचंही त्या वर्षाचं रिटर्न असतं. आयकराच्या पोर्टलवर तुम्ही वारस म्हणून नोंदणी करायची, मृत्यूचा दाखला, वडिलांचं पॅन, तुमचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा एवढं लागतं, आणि मंजुरी आली की तुमच्या लॉगिनमधून त्यांचं रिटर्न जातं. बऱ्याचदा यात रिफंड निघतो कारण बँकेने टीडीएस कापलेला असतो. आणि बँकेला लगेच कळवा. लोक वर्ष वर्ष कळवत नाहीत, व्याज वडिलांच्या पॅनवर पडत राहतं, मग तो टीडीएस कुणी क्लेम करायचा याचा गुंता आम्ही सोडवत बसतो. वडिलांचा जुना कर बाकी निघाला तर तो वारसांना भरावा लागतो, पण त्यांच्याकडून जेवढं मिळालं तेवढ्याच मर्यादेत, तुमच्या पगारातून नाही.

बहिणीचं म्हणणं बरोबर आहे, किंबहुना ती आईला विसरली. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हातात पैसे द्यायचे तो माणूस, मालक नाही. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि बहीण असे तीन सारखे वाटे, आणि तुमची आजी हयात असेल तर चार. आजीचा वाटा असतो हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आईची फॅमिली पेन्शन करपात्र आहे, पण पगारासारखी नाही, इतर उत्पन्न म्हणून. त्यातून एक तृतीयांश किंवा नव्या करपद्धतीत २५ हजार यातली जी रक्कम कमी ती वजा होते. जुन्या पद्धतीत तीच मर्यादा १५ हजार.

प्रश्न : गंगापूर रोडला वडिलांनी १९८८ साली ४० हजारांना प्लॉट घेतला होता. ते २०१९ मध्ये गेले, प्लॉट मी आणि दुबईला असलेला धाकटा भाऊ यांच्या नावावर लागला. आता ६० लाखांना गिऱ्हाईक आहे. एक एजंट म्हणतो वारसाहक्काने आलाय म्हणजे टॅक्सच नाही, दुसरा म्हणतो तुम्ही काही पैसे दिले नाहीत म्हणजे पूर्ण ६० लाखांवर टॅक्स. कुणाचं ऐकू? (कॉलेज रोड)

उत्तर : दोघांचंही नका ऐकू. हाच प्रश्न या महिन्यात निरनिराळ्या तऱ्हेने अकरा पत्रांत आलाय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

प्लॉट मिळाला तेव्हा कर नव्हता, पण विकाल तेव्हा भांडवली नफ्यावर आहे. आणि नफा काढताना कायदा तुम्हाला वडिलांच्या जागी उभं करतो. त्यांची खरेदी ती तुमची खरेदी, त्यांची तारीख ती तुमची तारीख. त्यांनी कुंपण घातलं, बोअर मारली, तो खर्चही धरता येतो, पावत्या असतील तर. म्हणजे शून्य किंमत हे चूक आणि टॅक्स नाही हेही चूक.

आता खरेदी २००१ च्या आधीची असेल तर आणखी एक सोय आहे, ४० हजारांच्या ऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. ती सरकारमान्य व्हॅल्युअरकडून काढून घ्यायची, मात्र त्या वेळच्या रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्याच्या, वर जाता येत नाही. समजा ती ३ लाख निघाली. पुढे दोन रस्ते आहेत. पहिला, महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, म्हणजे ६० वजा ३, ५७ लाखांवर ७ लाख १२ हजार ५००. दुसरा, जुन्या पद्धतीने निर्देशांक लावून २० टक्के. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे ३ लाखांचे ११ लाख २८ हजार झाले, नफा ४८ लाख ७२ हजार, कर ९ लाख ७४ हजार ४००. तुमच्या बाबतीत साडेबारावाला रस्ता बरा.

पण उलटंही होतं. एकाचा जुना बंगला होता, समजा २००१ ची किंमत १० लाख आणि विक्री ४५ लाखांना. साडेबारा टक्क्यांनी ४ लाख ३७ हजार ५०० होतात आणि निर्देशांकाने अवघे १ लाख ४८ हजार. ढोबळ हिशोब असा की २००१ च्या किमतीच्या साधारण ८.४ पटीपेक्षा जास्त भाव येत असेल तर साडेबारा टक्के स्वस्त, त्याच्या आत असेल तर जुनी पद्धत. हे २०२५-२६ मध्ये विकलं तर, पुढच्या वर्षाचा निर्देशांक आला की पट थोडी सरकते. दोन्हीवर सेस, म्हणजे करावरचा उपकर, वेगळा. ही निवड फक्त २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमीन-इमारतीला आहे, आणि वारसाने आलेली असेल तर निर्देशांक वडिलांच्या वर्षापासून धरायचा की आपल्या, यावर मुंबई हायकोर्टाने २०११ सालीच वडिलांच्या बाजूने सांगितलंय.

आता दुबईवाल्या भावाचं. ही निवड फक्त भारतात रहिवासी असलेल्यांना आहे, अनिवासी भारतीयांना नाही, त्याला साडेबारा टक्केच, तुमच्या केसमध्ये त्याचं त्यात नुकसान नाही म्हणा. घोळ होतो तो टीडीएसचा. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कापतो हे आता सगळ्यांना पाठ झालंय, पण अनिवासी माणसाच्या हिश्श्याला तो नियम नाही, तिथे साडेबारा टक्के आणि त्यावर सेस, सरचार्ज असेल तर तोही. खरेदीदाराने कमी कापला तर नोटीस खरेदीदाराला येते आणि मग तो तुमच्या दारात. भावाने आयकर खात्याकडून कमी टीडीएसचा दाखला आधीच काढून घ्यावा, साठेखताच्या दिवशी नाही.

कर वाचवायचा तर सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांच्या ठरावीक रोख्यांत नफा गुंतवता येतो, माणशी ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकून. किंवा घर घेता येतं, त्याच्या अटी वेगळ्या.

आणि हे सगळं टिकतं कशावर, तर १९८८ च्या त्या खरेदीखतावर. माझ्याच घरची गोष्ट सांगतो, मी लोकांना सल्ले देत फिरत होतो आणि दिवाळीच्या साफसफाईत आमच्या आईने वडिलांची प्लॉटची फाईल रद्दीवाल्याला दिली, वर "पिवळे कागद होते नुसते" म्हणून. मग इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा सरकारी उतारा, आणि दस्ताची नक्कल काढण्यात दीड महिना गेला. नवे दस्त ऑनलाइन ई-सर्चवर सापडतात, जुन्यांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हाताने शोध घ्यावा लागतो आणि त्यासाठी निदान साल तरी माहिती हवं. पिवळे कागद जपा.

प्रश्न : पंचवटीत आजोबांचा वाडा आहे. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. बहिणी हक्कसोडपत्र द्यायला तयार आहेत, वाडा नंतर विकायचाय. हक्कसोडावर किती कर? (पंचवटी)

उत्तर : वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीने भावाच्या नावाने, पैसे न घेता हक्क सोडला तर मुद्रांक नाममात्र, काही शे रुपयांचा, आणि आयकर कुणालाच नाही. पैसे घेऊन सोडला तर ती विक्री धरली जाऊ शकते, मग मुद्रांकही वेगळा आणि बहिणीला भांडवली नफाही.

पण दादा, एक विचारू का, विकायचाच आहे तर हक्क सोडायला लावताच कशाला? बहिणींनी हक्क सोडला की पूर्ण नफा तुम्हा दोन भावांच्या डोक्यावर. चौघांनी मिळून विकला तर नफ्याचे चार तुकडे, चौघांची चार रिटर्न, रोख्यांची ५० लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी, आणि एखाद्या बहिणीला दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर तिची करमुक्त उत्पन्नाची बेसिक मर्यादा यातही वापरता येते. म्हणजे बहिणींना वाटा दिला तर घरातून जाणारा कर कमी होतो. मी हे सांगितलं की बैठकीत अचानक शांतता होते, चहा येतो, आणि मग कुणीतरी म्हणतं "पण त्या घेणारच नाहीत हो". विचारून तर बघा. २००५ पासून मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे, आणि हक्कसोडाच्या कागदावर सही करणारीने तो कागद आधी घरी नेऊन वाचावा असं मी माझ्या ऑफिसात प्रत्येकीला सांगतो, भावासमोर सांगतो.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात वडिलांची द्राक्षबाग आणि मखमलाबादला एक एकर, दोन्ही सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. विकली तर कर सारखाच का? (मखमलाबाद)

उत्तर : अजिबात नाही, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे ती विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नाही, मग कोटीत विका. शहरी शेतजमिनीला कर आहे. ग्रामीण कुठली आणि शहरी कुठली ते लोकसंख्येवर. १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाखांना ६ आणि १० लाखांच्या वर ८ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका १४ लाखांच्या वर, म्हणजे आपल्याला ८. ते मोजायचं महापालिकेच्या हद्दीपासून, सीबीएसच्या बसस्टँडपासून नाही, आणि रस्त्याने नाही, कावळा उडतो तसं सरळ. देवळाली कॅम्पचं कॅन्टोन्मेंट किंवा सिन्नरची नगरपालिका यांचंही वेगळं अंतर धरावं लागतं, ते लोक विसरतात.

मखमलाबादचं एकर हद्दीत येतं, शहरी. तिथे वाट अशी की विक्रीच्या आधीची दोन वर्षं तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी ती कसली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढा नफा माफ. पीकपेऱ्याच्या नोंदी जागेवर हव्यात, नुसतं गवत वाढलेलं आणि सातबाऱ्यावर पड असेल तर अवघड. दिंडोरीची बाग बहुतेक ग्रामीण निघेल, तरी अंतराचा आणि लोकसंख्येचा दाखला सौदा करायच्या आधी काढा. आणि ज्यांची वारस नोंद अजून व्हायचीये त्यांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, वर्दी द्यावी. लोक दोन पिढ्या थांबतात आणि मग सातबाऱ्यावर बत्तीस नावं.

प्रश्न : मला मूलबाळ नाही. फ्लॅट पुतण्याला द्यायचाय आणि गेली बारा वर्षं आम्हा दोघांचं करणाऱ्या बाईंना ५ लाख. बक्षीसपत्र की मृत्युपत्र? (इंदिरानगर)

उत्तर : काका, मृत्युपत्र. का ते सांगतो.

पुतण्याला हयातीत बक्षीस दिलंत तर त्याला आयकर नाही, काका हे कायद्यात नातेवाईक. गंमत अशी की उलटं, पुतण्याने काकाला ५० हजारांच्या वर दिलं तर काकाला कर, कारण त्या यादीत पुतण्या नाही. कायदा करणाऱ्यांच्या घरात पुतणे काही देत नसावेत. पण मुद्रांक शुल्क बघा, महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर २०० रुपये, पुतण्या त्या यादीत नाही, त्याच्यासाठी जवळपास विकत घेतल्यासारखंच शुल्क. बाईंना हयातीत ५ लाख दिलेत तर त्या नात्यातल्या नाहीत, त्यांच्या उत्पन्नात पूर्ण ५ लाख धरले जातील. मृत्युपत्राने दिलेत तर कुणालाच कर नाही, नातं असो नसो.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी बंधनकारक नाही पण मी करून घ्या म्हणेन, दोन साक्षीदार हवेत आणि ते लाभार्थी नकोत. आपल्याकडे नाशिकमध्ये प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, काढणंही सक्तीचं नाही. सगळ्यात मोठं म्हणजे ते बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा झालं की घर गेलं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने रद्द करून घेता येतं हे खरंय, पण सत्तरीत त्यासाठी खेटे कोण घालणार. पुतण्या चांगलाच आहे हो, पण किल्ली शेवटपर्यंत आपल्या खिशात असू द्या.

प्रश्न : माझा अविवाहित भाऊ न्यू जर्सीत एडिसनला होता, तिथेच वारला. त्याने शेअर आणि बँकेतले पैसे माझ्या नावाने ठेवलेत. तिथला वकील टॅक्स कापून देणार म्हणतो. तुम्ही म्हणता कर नाही! (महात्मानगर)

उत्तर : ताई, भावाचं ऐकून वाईट वाटलं. कर नाही तो भारतात. अमेरिकेत आहे आणि तोही दोन प्रकारचा, मेसेज बनवणाऱ्याने दोन्हींची खिचडी केलीये. एक इस्टेट टॅक्स, तो गेलेल्या माणसाच्या पूर्ण मालमत्तेवर, वाटणीच्या आधी. केंद्र सरकारचा हा कर ४० टक्क्यांपर्यंत जातो, पण तिथल्या रहिवाशाला २०२६ पासून दीड कोटी डॉलरपर्यंत माफी आहे, तेव्हा सामान्य माणसापर्यंत तो पोचत नाही. दुसरा इनहेरिटन्स टॅक्स, तो काही मोजक्या राज्यांत आहे आणि न्यू जर्सी त्यात येतं. हा घेणाऱ्याचं नातं बघतो. नवराबायको, मुलं, आईवडील यांना शून्य. भावाबहिणीला पहिले २५ हजार डॉलर माफ, त्यापुढे ११ टक्क्यांपासून १६ पर्यंत. भाचे, पुतणे, मित्र यांना तर १५ टक्क्यांपासूनच सुरुवात. रिटर्न मृत्यूपासून आठ महिन्यांत. वकील बहुधा हेच म्हणतोय, फसवत नाहीये.

तो कर तिथे भरून उरलेलं तुम्हाला मिळेल, त्यावर इथे काही नाही. पण शेअर तसेच ठेवलेत तर दरवर्षी इथल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतील, हे विसरू नका, काळ्या पैशाच्या कायद्यातला दंड १० लाखांचा आहे. आणखी एक, अमेरिकेत वारसाला शेअरची किंमत मृत्यूच्या दिवसाची धरून मिळते, जुना नफा पुसला जातो. आपल्याकडे नाही. तुम्ही इथे राहून ते विकलेत तर भावाने कधी कितीला घेतले तीच किंमत, म्हणून त्याच्या ब्रोकरकडून जुनी स्टेटमेंट आत्ताच मागवा, खातं बंद झालं की मिळवणं कठीण.

याच्याच जोडीला एक इशारा, इथे नाशिकमध्ये बसून ॲपवरून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेणारे वाढलेत. तुम्ही तिथले रहिवासी नाही, म्हणून ती दीड कोटी डॉलरची माफी तुम्हाला नाही, तुम्हाला फक्त ६० हजार डॉलरची. त्याच्या वर शेअर ठेवून माणूस गेला तर वरच्या रकमेवर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागतो, आणि या करासाठी भारत-अमेरिका करारही नाही. सहज म्हणून दरमहा गुंतवणारे पण पंधरा वर्षांत तिथवर पोचतात. लंडनला पोरगी असलेल्या आणखी एकांनी विचारलंय, तिकडे ३ लाख २५ हजार पौंडांपर्यंत शून्य आणि वर ४० टक्के, नवराबायकोत माफ.

प्रश्न : आजीचं सोनं आईकडे, आईचं माझ्याकडे. पाटल्या मोडून नवीन हार केला, त्यात कसला आलाय कर? घरातलं सोनं घरात. (सराफ बाजार)

उत्तर : जुनं सोनं सोनाराला देऊन बदल्यात नवीन हार घेतलात तर ती विक्रीच, पैसे हातात आले नाहीत तरी. आजीने घेतलं असेल त्या काळी, म्हणजे १ एप्रिल २००१ चा भाव धरा, त्या दिवसाचा आणि आजच्या भावाचा फरक हा नफा, साडेबारा टक्के, सोन्याला निर्देशांकाची निवड नाही. सोनाराकडून जुन्या सोन्याच्या वजनाची पावती घेतलीत का? नसेल तर आज संध्याकाळी जा, दुकानं साडेआठपर्यंत उघडी असतात.